टिटवीच्या तीन हाका

एका माळाच्या उतरणीला एक पाणथळ होती, आणि त्या पाणथळीच्या काठावर एक टिटवी राहत असे. पाणथळ म्हणजे काय ते आधी ऐकून घ्या, नाहीतर मध्येच विचाराल. तळे म्हणावे तर तळे नाही, शेत म्हणावे तर शेत नाही. पावसाळ्यात कमरेइतके पाणी, हिवाळ्यात गुडघ्याइतके, आणि उन्हाळ्यात मधोमध एक डबके नि भोवती चिखलच चिखल. माणसे तिला 'पडीक जागा' म्हणत. पडीक कसली डोंबलाची! बेडूक, खेकडे, मरळ मासे, पाणसाप, बगळे, पाणकोंबड्या, सगळ्यांची तिथे नुसती दाटी होती. हिवाळ्यात लांबून बदके येत आणि घरच्यासारखी चार महिने मुक्काम ठोकत. पूर्वेला माळाची चढण होती, पश्चिमेला एक ओढा. पाणथळ फार भरली की जास्तीचे पाणी ओढ्यात जाई, आणि ओढा फुगला की त्याचे पाणी जमिनीखालून झिरपत पाणथळीत येई. दोघांचा असा जुना शेजार होता.

या वस्तीची राखण टिटवीकडे होती. तिला कोणी नेमले नव्हते, पण तिच्यासारखा घसा दुसऱ्या कोणाला नव्हता. कुत्रा दिसला की ओरड. ससाणा दिसला की ओरड. आणि माणूस दिसला तर मग विचारूच नका. 'टिट्-टिट्-टिवी! टिट्-टिट्-टिवी!' असा गलका उठला की बेडूक पाण्यात, खेकडे बिळात आणि पाणकोंबड्या लव्हाळ्यात गडप होत. कधी कधी ती वाऱ्याने उडालेली पिशवी बघूनही ओरडे. मग पाणकोंबडी वैतागून म्हणे, "टिटवीबाई, घशाला जरा विश्रांती द्या की हो!" पण म्हणे तेवढेच. मनातून सगळ्यांना ठाऊक होते, की ही ओरडते आहे म्हणून आपण निवांत चरतो आणि निवांत झोपतो.

सगळ्यांत निवांत झोपायची ती कासवमावशी. ऊन तापू लागले की मावशी पूर्वेच्या कोपऱ्यात पाणकणसाच्या उंच गवती बेटाखाली चिखलात शिरे, ती पाऊस लागेपर्यंत वर येत नसे. चिखलातल्या कासवांची ती रीतच असते. अंगावर हातभर चिखल, त्याचाही वरचा थर सुकून भेगाळलेला, आणि खाली मावशी डोळे मिटून गप्प पडलेली. आता अशा झोपेत म्हशींचा कळप अंगावरून गेला तर? म्हणून मावशीने आणि टिटवीने आपसांत एक ठरवून ठेवले होते. धोका दिसला की टिटवीने बेटाच्या पश्चिमेला उभे राहून तीन हाका द्यायच्या. मावशीला वरचे काही दिसत नसे, पण जमिनीतून आवाज नेमका कळे. हाक येईल त्या बाजूला चिखल उकरत जायचे. पश्चिमेला डबके असल्यामुळे तिकडचा चिखल ओला नि मऊ असे, आणि मावशी सुखरूप पाण्यात पोहोचे.

मावशीचेही टिटवीवर उपकार होते बरे का! तीन वर्षांपूर्वी एक धामण टिटवीच्या अंड्यांवर आली होती. टिटवीची अंडी घरट्यात नसतात, उघड्या जमिनीवर चार खडे इकडेतिकडे सारले की झाले तिचे घर. धामणीने दोन अंडी गिळली आणि तिसऱ्याला तोंड लावणार, तोच मावशीने मागून तिची शेपटी धरली. कासवाने धरले की सोडत नाही. धामणीने आपटून आपटून मावशीला अर्धमेली केली, पण मावशीने जबडा उघडला नाही. शेवटी धामणच शेपटीचा तुकडा मागे टाकून पळाली. त्या वर्षी टिटवीची दोन पिले उडाली.

त्यानंतर मात्र तिच्या नशिबी पिलू नव्हते. एका वर्षी वळवाचे पाणी अंडी घेऊन गेले. आणि मागच्या उन्हाळ्यात काय झाले ते नीट ऐका, कारण पुढचे सगळे त्यातून घडले. म्हशींचा कळप पाणथळीकडे वळला. टिटवी अंड्यांवर बसली होती. ती तशीच उठली, पाणकणसाच्या बेटाकडे धावली आणि तिने तीन हाका दिल्या. मावशी उकरत उकरत डबक्याला लागली, आणि ती होती त्या जागी एका म्हशीचा खूर गुडघाभर रुतला. मावशी वाचली. टिटवी परत आली तेव्हा तिची चारही अंडी दुसऱ्या एका खुराखाली चिरडली होती. हे तिने मावशीला कधी सांगितले नाही. पण ते तिच्या मनात कुसळासारखे रुतून बसले होते.

यंदाही चैत्र लागला, पाणी आटू लागले, आणि मावशी पाणकणसाच्या बेटाकडे निघाली. जाताना टिटवीपाशी थांबली.

"येते गं," मावशी म्हणाली. "यंदा ऊन कडक दिसतंय, जरा खोलच जाणार आहे. लक्ष ठेव हो."

"मावशी, मी आहे ना!"

"तू आहेस म्हणून तर डोळा लागतो, बाई," मावशी म्हणाली आणि डोके खाली घालून चिखलात शिरली. थोड्या वेळाने चिखल वरून सारखा झाला आणि मावशी कुठे आहे हे टिटवीखेरीज कोणाला सांगता आले नसते.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी माळावरून एक डंपर आला. पूर्वेच्या काठाशी तो मागे मागे आला, त्याने आपली पाठ उचलली आणि भस्सकन मुरमाचा ढीग ओतला. टिटवीने गलका केला. बेडूक पाण्यात, खेकडे बिळात, सगळे रीतसर झाले. डंपर निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा ढीग आला, मग तिसरा, आणि एका मोठ्या पिवळ्या यंत्राने ते ढीग ढकलून सपाट केले. टिटवी घिरट्या घालत खाली उतरली आणि त्या मुरमावरून चालून पाहू लागली.

काय जागा होती म्हणून सांगू! उंच. कोरडी. तांबूस, करडे, ठिपक्याठिपक्यांचे खडे, अगदी तिच्या अंड्यांच्या रंगाचे. वळवाचे पाणी इथवर चढणार नाही. मोकळ्या मुरमावर धामण लपणार कुठे? आणि म्हशी तर डंपरच्या आवाजानेच या बाजूला फिरकत नव्हत्या. आयुष्यभर शोधली असती तरी टिटवीला अशी जागा मिळाली नसती. तिने छाती टेकवून एक खळगा केला, खडे सारले, आणि चार दिवसांत चार अंडी घातली.

तिचा टिटवा तसा गरीब स्वभावाचा. बायको म्हणेल ती पूर्व दिशा. तो भोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "जागा झकास आहे. पण मला एक कळत नाही. हे लोक इथे मुरूम कशाला टाकतायत?"

"तुला काय करायचंय? टाकतायत तर टाकू देत," टिटवी म्हणाली. "बस अंड्यांवर. मी पोट भिजवून येते."

हेही तुम्हाला सांगायला हवे. वैशाखातल्या उन्हात उघड्या जमिनीवरचे अंडे शिजून जाईल. म्हणून टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि ते ओले पोट अंड्यांवर धरते. दिवसातून कितीतरी वेळा. पहिल्या दिवशी पाणी तिच्या खळग्यापासून वीस पावलांवर होते.

दुसऱ्या दिवशी डंपर आला तो नेमका तिच्या अंगावर मागे येऊ लागला. टिटवी पंख पसरून उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडली. डंपर थांबला. डंपरवाला खाली उतरला, वाकून पाहतो तो चार अंडी. "अगं आई गं," तो म्हणाला, "चिरडलीच असती की!" त्याने आजूबाजूचे मोठे मोठे गोटे गोळा केले आणि अंड्यांभोवती त्यांचे रिंगण मांडले. एका काठीला तांबडी चिंधी बांधून ती काठी शेजारी रोवली, म्हणजे बाकीच्या डंपरवाल्यांनाही दिसावी. मग टिटवीकडे बघून म्हणाला, "बस, बाई, बस. तुझं काही वाकडं होऊ देत नाही आम्ही."

माणूस वाईट नव्हता हो. त्याच्या मनात होते तेच तो बोलला, आणि त्याने शब्दही पाळला. सगळे डंपर ते रिंगण टाळून पुढे जाऊ लागले, आणि रिंगणाच्या पुढे पाणथळीत मुरूम ओतू लागले.

पाणकोंबडीला नवल वाटले. ती लव्हाळ्यातून मान काढून म्हणाली, "टिटवीबाई, एवढाली धुडं रोज येतायत आणि तुमचा आवाज नाही तो? बरं नाही का वाटत?"

"ओळखीची माणसं आहेत," टिटवी म्हणाली. "ओळखीच्या माणसांवर कोणी ओरडतं का?"

"पण लव्हाळं गाडलं त्यांनी तिकडचं."

"अगं, लव्हाळ्याला काय तोटा आहे? तू पश्चिमेला सरक जरा. आणि माझ्या अंड्यांभोवती गोटे मांडलेत त्यांनी, पाहिलेस? इतकी वर्षं इथे राहते मी, तुमच्यापैकी कोणी मांडला होता का एक तरी गोटा?"

पाणकोंबडी पश्चिमेला सरकली. बगळ्याची तर चंगळच होती. पाणी आक्रसत चालले तसे मासे उरलेल्या डबक्यात गर्दी करू लागले, आणि बगळा नुसता उभ्या उभ्या टिपत होता. "छान चाललंय," तो म्हणे. "पूर्वी एका माशासाठी पायाला मुंग्या येईपर्यंत उभं राहावं लागायचं." असे प्रत्येकाचे आपापले काही ना काही छान चालले होते.

आठ दिवस गेले. मुरमाची कड रोज पुढे सरकत होती, आणि तिच्या वाटेवर पाणकणसाचे बेट होते. टिटव्याने ते आधी पाहिले. अंड्यांवरून उठता उठता तो म्हणाला, "अगं, मावशीचं काय?"

"काय मावशीचं?"

"दोन दिवसांत मुरूम बेटावर येणार. हाक द्यायला हवी. अजून खालचा चिखल ओला आहे, तिला डबकं गाठता येईल. डबक्यातून ओढा."

"देऊ की. आहेत ना दोन दिवस?" टिटवी म्हणाली. "तुला काही आठवतं का? मागच्या वेळी मी हाक द्यायला उठले तेव्हा काय झालं?"

टिटव्याने अंड्यांकडे पाहिले.

"आणि आपण ओरडायला लागलो तर त्या माणसाला काय वाटेल? म्हणेल, हिच्यासाठी गोटे मांडले, काठी रोवली, आणि ही आमच्याच नावाने बोंब मारते. काढून टाकील गोटे. मग?"

"मी जाऊन देऊ का हाक?"

"तुझा आवाज ती ओळखत नाही. आणि तू गेलास तर माझी पाण्याची खेप चुकेल. बघतोयस ना, पाणी किती लांब गेलंय ते?"

ते मात्र खरे होते. वीस पावलांवरचे पाणी आता दीडशे पावलांवर गेले होते. येईपर्यंत पोट निम्मे वाळून जाई. टिटवीच्या ध्यानात हे आले होते, पण ते कशाने झाले याचा विचार करायला तिने मनाला मोकळे सोडले नाही. माणसांचेही असेच असते, पण ते राहू दे.

दोन दिवस उलटले. सकाळीच डंपरांची रांग लागली. पहिला डंपर रिंगणाला वळसा घालून पाणकणसाच्या बेटाच्या दिशेने मागे मागे जाऊ लागला. टिटवी अंड्यांवरून उठली. काहीही झाले तरी राखणदाराची जात, तिला बसवेना. ती धावत बेटाच्या पश्चिमेला गेली, ठरलेल्या जागी उभी राहिली, मान वर केली, चोच उघडली.

तेवढ्यात तो ओळखीचा डंपरवाला आपल्या गाडीतून उतरला. त्याच्या हातात नारळाची करवंटी होती आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. तो रिंगणापाशी वाकला, करवंटी गोट्यांना टेकवून ठेवली आणि बाटलीतले पाणी तिच्यात ओतले. "ये गं, ये," त्याने टिटवीला हाक मारली. "किती लांब जातेस बिचारी, रोज बघतो मी. आता इथंच भिजव पोट."

टिटवीने उघडलेली चोच तशीच मिटली. करवंटीत पाणी होते, करवंटीशेजारी चार अंडी होती, आणि दीडशे पावलांची पायपीट वाचली होती. 'या एकाच ढिगाने काही होत नाही,' ती मनाशी म्हणाली. 'मावशी खोल आहे, स्वतःच म्हणाली होती. पुढचा डंपर आला की देऊ हाक.' ती धावत परत गेली आणि करवंटीत पोट टेकवून बसली. पाणी गार होते. तिच्या पाठीमागे डंपरने पाठ उचलली आणि पाणकणसाचे बेट मुरमाखाली गेले. पुढच्या डंपरच्या वेळी ती अंड्यांवर बसलेली होती, आणि उठली नाही. त्याच्या पुढच्या डंपरला तर हाक देण्यात काही अर्थच उरला नव्हता.

टिटवा सगळे बघत होता. त्या दिवशी त्याने चारा टिपला नाही.

त्यानंतर काम झपाट्याने उरकले. माणसांनी डबक्यापासून ओढ्यापर्यंत एक चर खणला आणि उरलेले पाणी काढून दिले. मासे चरात तडफडले. बगळ्याने पोट फुटेस्तोवर खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी खायला काही नाही म्हणून तो दुसरीकडे उडून गेला. चरही बुजवला. भराव ओढ्यात ढासळू नये म्हणून पश्चिमेच्या कडेने दगडी भिंत उठली, तिचा पाया चांगला पुरुषभर खोल होता. सगळ्यावर रोलर फिरला. माळापासून भिंतीपर्यंत तव्यासारखे सपाट मैदान झाले, आणि त्यावर गोट्यांचे एक छोटे रिंगण नि तांबडी चिंधी.

पाणकोंबडी सगळ्यात शेवटी गेली. तिची पिले लहान होती, उडता येत नव्हती. ती त्यांना चालवत मैदानावरून नेऊ लागली. अर्ध्या वाटेत घारींनी दोन उचलली. रिंगणाजवळून जाताना पाणकोंबडी थांबली.

"टिटवीबाई," ती म्हणाली, "तुम्ही वाऱ्यावरच्या पिशवीलाही ओरडत होतात. आम्हाला वाटलं, तुम्ही गप्प आहात म्हणजे भ्यायचं काही नाही."

पाणकोंबडी उरलेली दोन पिले घेऊन पुढे गेली.

काम संपले म्हणून डंपरही बंद झाले. डंपरवाल्याने शेवटच्या दिवशी करवंटी काठोकाठ भरली होती, पण वैशाखातली करवंटी ती, दुपारपर्यंत कोरडी पडली. टिटवी पाण्याला निघाली. डबके होते तिथे मुरूम. चर होता तिथे मुरूम. ती भिंत ओलांडून ओढ्यावर गेली, तर ओढ्यातही एका खडकाखाली ओंजळभर पाणी उरलेले. पोट भिजवून ती परतली तेव्हा पिसे खडखडीत वाळली होती. पुन्हा गेली. पुन्हा वाळली. टिटवा पंख पसरून अंड्यांवर सावली धरून उभा होता, त्याचा श्वास फुलला होता. खालून मुरूम तापला, वरून ऊन. दोघांनी तीन दिवस असा जिवाचा आटापिटा केला. अंडी फुटायला मोजून पाच दिवस राहिले होते, आतून टोचण्याचा आवाजही यायला लागला होता.

चौथ्या दिवशी तो आवाज थांबला. टिटवी तरीही आठ दिवस त्या अंड्यांवर बसून राहिली. गोटे जागच्या जागी होते. चिंधी फडफडत होती. डंपरवाल्याने सांगितले होते तसे कोणी तिचे काही वाकडे केले नव्हते.

मग दोघे ओढ्याकाठी राहायला गेले. ज्येष्ठ सरता सरता पाऊस झाला. मैदानावरचे पाणी रोलरने दाबलेल्या मुरमावरून घसरून गेले, एक थेंब आत मुरला नाही. पण ओढा फुगला, आणि आपल्या जुन्या शेजाराला जागून भिंतीच्या दगडांमधल्या फटींतून, जमिनीखालून, पाणथळीच्या जुन्या चिखलाकडे झिरपू लागला. त्याला बिचाऱ्याला वर काय झाले ते कुठे ठाऊक!

टिटवी मैदानावर गेली. का गेली ते तिलाही सांगता आले नसते. पाऊस झाला की मावशी वर येते, इतक्या वर्षांची सवय. पाणकणसाचे बेट जिथे असायचे तिथे ती जाऊन उभी राहिली. आणि तिच्या पायांना काहीतरी जाणवले. तिने मान वाकडी करून कान जमिनीकडे नेला.

खर्र, खर्र, खर्र. खाली कोणीतरी उकरत होते.

"मावशी!" टिटवी किंचाळली. "मावशी जिवंत आहे!"

टिटवा धावत आला. त्यानेही ऐकले. आवाज वर येई, दडपलेल्या मुरमाला लागे आणि थांबे. पुन्हा वर येई, पुन्हा थांबे. दोघांनी चोचींनी मुरूम टोचून पाहिला. रोलर फिरलेल्या मुरमाला टिटवीची चोच काय करणार? एक खडा हलला नाही.

तेव्हा टिटवी उठली, चार पावले पश्चिमेला धावली, थांबली, आणि घसा फाटेस्तोवर तिने तीन हाका दिल्या. वैशाखात द्यायच्या होत्या त्या हाका.

खालचे उकरणे क्षणभर थांबले. मग सुरू झाले, आणि हाकेच्या दिशेने सरकू लागले.

"आली! ऐकलं तिने!" टिटवी म्हणाली. ती आणखी चार पावले धावली, थांबली, मान वाकडी करून कानोसा घेतला, पुन्हा तीन हाका दिल्या. खर्र, खर्र, मावशी खालून मागे येत होती. वर टिटवी, खाली मावशी. चार पावलांना तास तास लागत होता. ओढा हाकेच्या अंतरावर होता, आणि ओढ्यात पाणी होते. टिटवीला दुसरे काही दिसत नव्हते. "ये मावशी, ये, थोडंच राहिलंय," ती म्हणत होती. तिने दोन दिवस दाणापाणी घेतले नाही. तिचा आवाज बसला, तरी ती हाका देत राहिली, आणि मावशीने एकदाही दिशा चुकवली नाही.

तिसऱ्या दिवशी टिटवी धावता धावता भिंतीवर चढली. पलीकडे ओढा खळाळत होता. तिने तिथून तीन हाका दिल्या. खालचा आवाज भिंतीपर्यंत आला. मग तो बदलला. आता नखे दगडावर घासत होती.

टिटवी भिंतीवर तशीच उभी राहिली. पुरुषभर खोल पाया. फटींतून पाणी आत आले होते, पण मावशीला ती फट पुरणार नव्हती. परत फिरवावे तर कुठे फिरवावे? पूर्वेला मुरूम, उत्तरेला मुरूम, दक्षिणेला मुरूम. मावशी मात्र हाकेची वाट बघत दगड खरवडत होती. ठरलेलेच होते ना, की हाक येईल तिकडे पाणी असते!

तो दिवस आणि दुसरा दिवस नखांचा आवाज येत होता. मग तो सावकाश झाला. मग मध्येच एकदा, बऱ्याच वेळाने आणखी एकदा. त्यानंतर टिटवीने पुष्कळ हाका दिल्या, तीन नव्हे, तीस नव्हे, पण खालून काही आले नाही.

"चल आता," टिटवा म्हणाला.

"ती माझ्या हाकेवर आली," टिटवी म्हणाली.

"हो," टिटवा म्हणाला. "तुझ्या हाकेवर ती नेहमीच येत होती."

मुलांनो, आता त्या जागी काय आहे ते मला विचारू नका. पण तुमच्या घराजवळ कुठे मोकळे मैदान असेल, नव्याने सपाट केलेले, तर तिथे जाऊन जरा शांत उभे राहा. एखादी टिटवी दिसेल. ती चार पावले धावते, मध्येच थांबते, मान वाकडी करून जमिनीला कान लावल्यासारखे करते, आणि मग ओरडते. मोठी माणसे सांगतात, की ती किडे शोधते. शोधतही असेल. तिच्या ओरडण्याकडे आता कोणी मान वर करून बघत नाही.

तात्पर्य : ज्याच्या भरवशावर दुसरे झोपतात, त्याने आपल्या सोयीसाठी एकदा तोंड मिटले की पुढे कितीही ओरडले तरी ती राखण होत नाही, नुसता आकांत होतो.